भित्र्याच्या हाती दार देणाऱ्या रत्नाबाई

रत्नाबाईंची आणि माझी पहिली ओळख दाराशीच झाली. मी जालन्याच्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच आलो होतो आणि पहिल्याच रविवारी उपासनेसाठी देवळात गेलो होतो. आम्ही ख्रिस्ती माणसं आमच्या प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतो. पुढचे बाक रिकामे होते, पण मी शेवटच्या बाकावर दाराला खेटून बसलो. सवयच तशी. कुठंही गेलो तरी बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवायची, मग टेकायचं. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, उपासना आटोपली आणि उंच, सावळ्या, पांढरं पातळ नेसलेल्या एक बाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “गुरुजी, समदं देऊळ पाळकसाहेबाकडं बघत होतं. तुम्ही दाराकडं काहून बघून राह्यला होता?”

कसाबसा म्हणालो, “जरा भीती वाटते, बाई.”

“कोणाची?”

“तशी खास कोणाची नाही. सगळ्याचीच.”

रत्नाबाई खो-खो हसल्या. मग एकदम हसू थांबवून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “बराबर,” त्या म्हणाल्या, “मंगळवारी घरी या. थोडी ज्वारी निवडायची हाय.”

मंगळवारी गेलो. ओसरीवर ज्वारीचा ढीग आणि माझ्या मांडीवर सूप! नवं कोरं उपरणं पांघरलेला मी शिकलेला मास्तर, आणि रस्त्यानं जाणाऱ्या बायका वाकून वाकून बघताहेत. मला वाटलं, ही बाई माझी थट्टाच करते आहे. पण रत्नाबाईंची ती रीतच होती. मंडळीत, म्हणजे आमच्या देवळाच्या परिवारात, कोणी नवं आलं आणि ‘मला काहीतरी सेवा द्या’ म्हणालं, की त्या आधी त्याला ज्वारी निवडायला बसवत. स्वतः शेजारी सुपारी कातरत बसत, इकडच्या तिकडच्या गोष्टी काढत आणि बघत राहत. कोणी खड्यांबरोबर चांगले दाणेही भिरकावून देतो, कोणी बोलण्याच्या नादात खडे तसेच ठेवतो, कोणी घटकाभरात ‘झालं की’ म्हणून गुडघे झटकत उठतो. मी दाणा न् दाणा उलटून बघितला. निवडलेला ढीग पुन्हा निवडला. तरीही निघताना म्हणालोच, “बाई, एखादा खडा राहिला असेल हो.”

“राह्यला नसंल,” त्या म्हणाल्या. “आन् राह्यला असला तर तुम्हाला झोप लागणार न्हाई, एवढं बास हाय.” पुढच्या रविवारपासून देवळाचं दार माझ्याकडं आलं.

रत्नाबाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे संपादक माझे स्नेहीच आहेत. त्यांनी मला बजावलं आहे, ‘गुरुजी, साठीचा मंगल प्रसंग आहे, तुमच्या भीतीचं पुराण लावू नका.’ अहो, मग मला लिहायला सांगितलंच कशाला? माझ्यातून भीती वजा केली तर हातात खडूच उरतो. आणि आज, हा लेख लिहीत असताना, या गावात न भ्यालेला माणूस कोणी मला आणून दाखवावा. मीही बघतो, तो कसा दिसतो. तेव्हा जे आहे तेच लिहितो. रत्नाबाईंना खोटं आवडत नाही आणि मला ते जमत नाही.

ज्यांना रत्नाबाईंचा सहवास लाभला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगणं माझं कर्तव्य आहे. तरुणपणीच वैधव्य आलं. पुढं त्यांनी दवाखान्यात दाईचं काम शिकून घेतलं आणि जालन्याच्या पेठेपासून भोकरदनच्या वाटेवरच्या खेड्यांपर्यंत कितीतरी घरांतली पोरं त्यांच्या हातांवर जन्मली. त्यात हिंदू आले, मुसलमान आले, आम्ही आलो. दवाखान्यातून आल्यावर उरलेला सगळा वेळ मंडळीचा. आमच्याकडं सेवा वाटून देण्याचं काम पंचांचं. पण पंच सगळे त्यांना विचारूनच वाटत आले. कारण कोणाला कुठं बसवावं ही नजर रत्नाबाईंकडं होती, आणि ती पंचांनाही ठाऊक होती.

त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसाचा स्वभाव बदलायला बघू नये, त्याला साजेसं काम बघावं. आमच्या मंडळीतल्या सोनाबाई म्हणजे तोंडाचा पट्टा. एकदा सुरू झाल्या की समोरच्यानं हात जोडावेत. त्यांना एकदा आजाऱ्यांच्या भेटीला पाठवलं होतं, तर आजाऱ्याच्या घरच्यांनीच पाळकसाहेबांना निरोप धाडला, ‘बरं होईस्तोवर कोणी येऊ नका.’ रत्नाबाईंनी सोनाबाईंना तिथून काढलं आणि रविवारी सकाळी घरोघर जाऊन माणसं उठवण्याच्या कामावर नेमलं. झालं! त्या दिवसापासून आमच्या देवळात उशिरा येणं बंद. आणि आजाऱ्यांकडं कोण? याकोबभाऊ. हे गृहस्थ इतके अबोल, की स्वतःच्या लग्नातही यांनी मान हलवूनच होकार दिला होता म्हणतात. ते जाऊन आजाऱ्याच्या खाटेशी नुसते बसत, पाय चेपत, पाणी देत. आजारी माणसं त्यांची वाट बघू लागली.

आता कोणी म्हणेल, रत्नाबाई कधी चुकल्याच नाहीत काय? चुकल्या, आणि चांगल्याच चुकल्या. आमच्यात लुकास पैलवान आहेत. दंड असे, की अंगरख्याची बाही फाटावी. रत्नाबाईंनी त्यांना मर्तिकाच्या कामावर नेमलं. खड्डा खणायचा, खांदा द्यायचा, ताकदीचं काम. पहिलंच मर्तिक आलं आणि पैलवानांनी चादर बाजूला सरलेली बघितली मात्र, धाडकन आडवे! मयत बाजूला राहिलं आणि चौघांना पैलवानांनाच उचलावं लागलं. रत्नाबाईंनी भर मंडळीत उभं राहून सांगितलं, “चूक माझी हाय. म्या दंड बघितले, माणूस बघितला न्हाई.” मग पैलवानांकडं रविवारच्या शाळेतली लहान मुलं दिली. आज ती पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर लोंबकळत असतात आणि पैलवान त्यांना गाणी शिकवत असतात, तेही बेसूर.

त्यांच्या मायेबद्दल लिहायचं तर माझ्या घरचंच लिहितो. माझी पत्नी सगुणा पहिल्या वेळी अडली. मी अंगणात येरझारा घालत होतो. आतून रत्नाबाईंनी हाक मारली, “गुरुजी, फेऱ्या मारू नका, तुमच्या वहाणा वाजून राह्यल्या. पोरीला धीर यायचा तर तुमचंच भ्या वाटून राह्यलंय तिला.” मी वहाणा काढल्या. तरी बाई बाहेर आल्याच, माझ्या हातात उखळ-मुसळ दिलं आणि सुंठ कुटायला बसवलं. मी इतकी सुंठ कुटली, की शेजारच्या दोन बाळंतिणींना पुरली. आमची थोरली त्या दिवशी सुखरूप जन्मली. तिच्या पाठची धाकटीही त्यांच्याच हातावरची.

तर दार. शांततेच्या दिवसांत ते काम सोपं होतं. घंटा झाली की उघडायचं, उशिरा येणाऱ्याला चटकन जागा द्यायची, कुत्री आत येऊ द्यायची नाहीत, आणि सगळे निघून गेले की अडसर घालून दोनदा ओढून बघायचं. मी चारदा बघत असे. लोक हसत. ‘चोर आला तर गुरुजीच आधी पळतील, अडसर चोरालाच घालावा लागंल.’ मीही हसत असे. पण गेल्या उन्हाळ्यात हसणं संपलं.

गेल्या उन्हाळ्यात काय झालं ते या ग्रंथाच्या वाचकांना मी सांगायला नको. तरी पुढं कोणी वाचील म्हणून लिहितो. निजामाची बाजू घेणाऱ्या हत्यारबंद टोळ्या खेड्यांतून फिरू लागल्या. राजूरकडची, धावड्याकडची कुटुंबं गाठोडी घेऊन, म्हाताऱ्यांना पाठुंगळीला मारून आमच्या आवारात आली. देवळाच्या आवाराला उंच दगडी भिंत आणि एकच सागवानी दार, म्हणून आली. त्यांची घरं जळली होती. पावसाळा संपता संपता फौजा आल्या, निजामशाही गेली, आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण भीती गेली नाही, तिनं फक्त घर बदललं. आता मुसलमानांच्या गल्लीतले दिवे विझलेले असत. ज्यांनी काही केलं होतं ते कधीच पळून गेले होते. मागं राहिले ते न केलेले, आणि सूड घ्यायला निघालेल्यांना तेच सापडत होते.

त्या दिवसांत पाळकसाहेब परगावी अडकले होते, गाड्यांचा ठिकाणा नव्हता. मंडळीतली बरीच कुटुंबं आवारातच मुक्कामाला आली होती. सगुणा आणि माझ्या दोन्ही मुलीही तिथंच होत्या. पंचांचे प्रमुख दाविदराव फार जबाबदार माणूस. त्यांनी ठरवून दिलं, दुपारचं जेवण झालं की दार लावायचं, ते सकाळपर्यंत कोणासाठीही उघडायचं नाही. आणि दारावर गुरुजी नकोत, लुकास पैलवान हवेत.

मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. सगुणानंही मानले. पण रत्नाबाई उठल्या.

“दार गुरुजीपाशीच ऱ्हाईल,” त्या म्हणाल्या.

“बाई, ही काय उपासनेची वेळ आहे?” दाविदराव म्हणाले. “गुरुजींचे पाय बघा, आत्तापासून लटपटताहेत.”

“बघितले. लुकासभाऊला कोणी दारावरून आवाज दिला तर त्यो उघडून भांडायला जाईल. गुरुजी आधी ऐकतील. आपल्याला ऐकणारा पाहिजे.”

पैलवानांनाही ते पटलं, हे त्यांचं मोठेपण. मला मात्र कोणी विचारलं नाही. मी दाराशी घोंगडी टाकली आणि बसलो.

ती दुपार उन्हाची होती, भाद्रपदातल्या उन्हाची. दार लावून झालं होतं. कापसाच्या जिनिंगांचे भोंगे बंद, पेठ बंद, कावळासुद्धा ओरडत नव्हता. मी दाराला कान लावून बसलो होतो, आणि थाप आली.

आता हे नीट सांगितलं पाहिजे. मी आयुष्यभर घाबरत आलो आहे, त्यामुळं एका गोष्टीत मला कोणी फसवू शकत नाही. भ्यालेल्या माणसाची थाप मला ओळखू येते. धीट माणूस दाराच्या मधोमध मारतो आणि मारत राहतो. भ्यालेला माणूस खाली, तळव्यानं थापटतो आणि लगेच थांबतो, कारण आपण केलेला आवाज त्यालाच नको असतो. ही थाप तशी होती. खाली, तळव्याची. मग थांबली. मग दाराच्या फटीशी कुजबुज आली, “गुरुजी... मी हमीदा. बांगड्यावाली. पोरं हायेत संग. जल्दी उघडा.”

हमीदाबींना कोण ओळखत नाही? जालन्यातल्या निम्म्या बायकांच्या हातांत त्यांनी बांगड्या भरल्या आहेत. सगुणाच्या डोहाळजेवणातही त्यांनीच हिरव्या बांगड्या भरल्या होत्या.

दाविदराव मागं येऊन उभे राहिले होते. “गुरुजी, उघडू नका,” ते हळूच म्हणाले. “तिच्या मागावर कोणी असेल. आत आपली बायकापोरं आहेत. तुमचीही आहेत.” ते काही निर्दय नव्हेत. खरं तेच बोलत होते. माझी धाकटी समोर चिंचेखाली चिंचोके खेळत होती, ती मला दिसत होती. मी उघडलं आणि मागून जमाव घुसला तर? नाही उघडलं आणि दाराबाहेरच काही झालं तर? दोन्हींची भीती सारखीच, आणि मी मध्ये.

मी रत्नाबाईंकडं बघितलं. वाटलं, आता त्या सांगतील, मग माझी सुटका होईल. त्यांनी नकारार्थी मान हलवली. “दार तुमच्याकडं दिलंय, गुरुजी. मला इचारू नका.”

राग आला हो मला! एवढा राग मला त्यांचा कधी आला नव्हता. माणसाला असं टांगून ठेवतात का? पण पलीकडं तळवा पुन्हा दाराला लागला. वाजवलं नाही, नुसता टेकवला. ते मला लाकडातून कळलं. आणि मी अडसर काढला. कसा काढला ते विचारू नका. देवाला ठाऊक.

हमीदाबी, त्यांची दोन पोरं आणि कडेवरचं तान्हं. मी दार लावलं, अडसर घातला आणि चारदा ओढून बघितला.

पुढं जे झालं ते बघायला हे सारं गाव हजर असायला हवं होतं. रत्नाबाई कोणाला ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. एकेकाजवळ जाऊन दोन शब्द बोलत होत्या. हमीदाबींना देवळाच्या मागच्या खोलीत नेलं. तान्हं रडायच्या बेतात होतं, ते याकोबभाऊंच्या मांडीवर दिलं, आणि अबोल माणसाच्या मांडीवर ते खरंच निजलं. मोठ्या दोघांना लुकास पैलवानांच्या पोरांत मिसळून टाकलं. सोनाबाईंना म्हणाल्या, “तुमच्या नातवंडांना झापायला सुरुवात करा. मोठ्यानं, म्हंजी आतलं दुसरं काही बाहेर ऐकू जाणार न्हाई.” सोनाबाईंना दोनदा सांगावं लागलं नाही. दाविदरावांना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “पंच, तुम्ही मागच्या खोलीच्या दाराशी बसता का? नियम पाळणारा माणूस तिथं पाहिजे. आत कोणी जायचं न्हाई, असा नियम.” दाविदराव जाऊन बसले.

आणि मग दुसरी थाप आली. ती काठीची होती, दाराच्या मधोमध, आणि थांबत नव्हती.

“गुरुजी! दार उघडा!”

आवाज ओळखीचा होता. वरच्या गल्लीतला विठोबा, माझ्या वर्गातल्या गणूचा बाप. चांगला माणूस. उन्हाळ्यात खेड्यावरच्या त्याच्या भावाचं घर टोळीनं जाळलं होतं आणि भाऊ त्यातून वाचला नव्हता. आज त्याच्या मागं किती माणसं होती कोण जाणे. पाय वाजत होते.

“को... कोण?”

“मी विठोबा. आत कोण आलंय का आत्ता?”

नाही म्हणावं तर ते खोटं. हो म्हणावं तर त्या पोरांचा घात. मी काही धर्माचा मोठा विचार केला, असं कोणी समजू नये. विचार करायला डोकं जाग्यावर लागतं. माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं. “आत भ्यालेली माणसं हायेत, विठोबा. दुसरं कोणी न्हाई. मी तर हायच.”

बाहेर कोणीतरी खदखदून हसलं. पण दुसरा एक आवाज आला, आणि तो हसत नव्हता. “त्याचा आवाज ऐक की. कसा कापून राह्यलाय. नक्की कोणतरी लपवलंय आत.”

संपलं, असं वाटलं. मी डोळे मिटले. माझे दात एकमेकांवर वाजत होते आणि ते दाराबाहेर ऐकू जात असणार, याची मला खात्री होती.

“लपवलंय कशाचं!” विठोबा म्हणाला. “ह्या मास्तराचा आवाज रोजचाच हाय. गणूला पाढे शिकवतानाबी असाच कापतो. साहेब तपासणीला आलते तवा तर मी सोता बघितलंय, खडू हातातून पडला होता. चला रे, इथं न्हाई कोणी.”

काठी दारावरून निघाली. पाय लांब गेले. सोनाबाई अजून नातवंडांना झापतच होत्या, त्यांना थांबवायला माणूस पाठवावा लागला.

आमच्यातला कोणी धीट माणूस त्या दारामागं असता आणि त्याचा आवाज एवढासा जरी कापला असता, तरी विठोबानं ओळखलं असतं. माझा आवाज आयुष्यभर कापत आला, म्हणून त्या दिवशी त्यात कोणाला काही ऐकू आलं नाही. मी पुढं रत्नाबाईंना विचारलं, “बाई, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं का?”

“न्हाई बा,” त्या म्हणाल्या. “मला कुठून ठाऊक असणार? मला एवढंच वाटलं होतं, भ्यालेल्या माणसाची हाक भ्यालेल्यालाच कळंल. बाकीचं देवाचं.” आणि सुपारी कातरायला घेतली, तर अडकित्ता घसरून बोट कापलं. त्यांचेच हात थरथरत होते. “बघा,” त्या म्हणाल्या, “तुम्हालाच वाटतं व्हय भ्या?”

दुसऱ्या दिवशी पंचांची बैठक बसली. ठरलेला नियम मोडला गेला होता, आणि दाविदराव नियमाचे पक्के. त्यांनी माझ्याकडं बघून घसा खाकरला. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “नियमात एक सुधारणा हवी. दार कोणासाठी उघडायचं ते गुरुजींनी ऐकून ठरवावं.” मग स्वतःच्या घरची गोधडी त्यांनी मागच्या खोलीत नेऊन दिली. त्यानंतरच्या दिवसांत ते दार मी आणखी किती वेळा उघडलं ते मी मोजलेलं नाही. दर वेळी तेवढीच भीती वाटली. सवय झाली, सराव झाला, असं काही होत नाही. लोक उगाच सांगतात.

तर अशा या आमच्या रत्नाबाई. आम्हा सगळ्यांकडून आमचे दोष त्यांनी काढून घेतले नाहीत. बडबड्याला बडबडू दिलं, अबोलाला गप्प बसू दिलं, नियमाच्या माणसाला नियम पाळू दिला, आणि मला घाबरू दिलं. फक्त प्रत्येकाला कुठं उभं करायचं ते त्यांनी बघितलं. मी कितीदा त्यांना म्हणालो असेन, ‘बाई, मला या भीतीतून सोडवा, प्रार्थना करा.’ त्यांनी माझ्यासाठी हरघडी प्रार्थना केली असेल, पण ती प्रार्थना कधी केली नाही.

आता साठी उलटली म्हणून त्यांनी जरा बसावं, असं आम्ही सगळे सांगतो. पण हमीदाबींचे यजमान त्या गडबडीत कुठं गेले ते अजून कळलेलं नाही. हमीदाबी पोरांसह आमच्याकडंच आहेत. त्यांना बाहेर पडणं अजून सुरक्षित नाही; हा ग्रंथ छापून हाती येईल तोवर ते होईल, या भरवशावर लिहितो. म्हणून रत्नाबाई रोज सकाळी निघतात. दवाखान्यात विचारतात, स्टेशनावर विचारतात, कुंडलिका नदीपलीकडच्या वस्तीत जाऊन विचारतात. कोणी अंबडकडून आलं की त्याला गाठतात. एकट्या जातात. कोणी बरोबर येऊ म्हटलं तर म्हणतात, “दोघं गेलो तर लोक इचारतील, कुठं चालले. एकटी दाई कुठंबी जाती.” परवा त्यांच्या खांद्यावर दगड लागला. कोणी मारला ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाल्या.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायची पद्धत आहे. थोर माणसं ते प्रसन्न मनानं चिंततात. मला तसं जमत नाही, मी जे काही चिंततो ते भीतच चिंततो. सकाळी रत्नाबाई बाहेर पडल्या, की दार लावून घेणं हे माझं काम. पंचांचा तसा नियमच आहे. पण त्या बाहेर असल्या की माझ्याच्यानं अडसर घालवत नाही. दार नुसतं लोटून, त्याला पाठ लावून मी उभा राहतो आणि रस्त्यावरचं पाऊल न् पाऊल ऐकतो. उन्हं चढतात. सगुणा जेवायला बोलावते, मी जात नाही. देवा, आज त्यांना परत येऊ दे. उद्याही येऊ दे, परवाही येऊ दे. त्यांच्या पायांत बळ राहू दे, खांद्याचं दुखणं लवकर बरं होऊ दे. अशीच कितीतरी वर्षं त्यांना रोज बाहेर जाऊ दे आणि रोज घरी येऊ दे. माझं मागणं एवढंच आहे. तोपर्यंत मी दाराशी आहे.